चामडे किती घ्यावे?

चामड्याचे काम नव्याने शिकू लागलेल्या तरुणास पहिली खरी अडचण सुईदोऱ्यापाशी येत नाही. ती बाजारात येते. दुकानदार विचारतो, "किती देऊ?" आणि उत्तर सुचत नाही. थोडे घेतले तर काम अर्ध्यावर अडते, आणि पुन्हा गेल्यास त्याच रंगाचे व त्याच जाडीचे कातडे मिळेलच असे नाही. अधिक घेतले तर भांडवल घरात गुंडाळून पडते. ते उसने आणलेले असेल तर त्याची चिंता वेगळीच.

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केली आहे. चार मुलांनी मजुरीतून साठविलेले पैसे एकत्र करून कमरेचे सहा पट्टे करावयाचे ठरविले होते, व हिशेब मजकडे सोपविला होता. कमर 36 इंच, बक्कल अडकविण्याची घडी 3 इंच, भोकांपलीकडील शेपूट 6 इंच, आणि कडा नीट करण्यास थोडे, मिळून लांबी 48 इंच धरली. रुंदी दीड इंच. म्हणजे एका पट्ट्यास 72 चौरस इंच. 144 चौरस इंचांचा एक चौरस फूट होतो, म्हणून पट्ट्यास अर्धा व सहांस तीन चौरस फूट. कतरण वजनावर स्वस्त मिळत होती, ती पाच चौरस फूट भरेल इतकी आणली व मनात म्हटले की पुष्कळ झाली. घरी पसरून पाहतो तो एकही तुकडा दोन फुटांहून लांब नाही! गणित बरोबर होते, पण पट्टा एकही निघेना.

ह्यास्तव क्षेत्रफळ काढण्यापूर्वी हे पाहावे की, आपल्या कामातील सर्वांत लांब तुकडा कोणता, आणि तो अखंड कोणत्या कातड्यातून निघेल. शेळीचे कातडे साधारणतः चार-पाच चौरस फूट भरते, पण त्याची लांबी तीन फुटांच्या आसपास असते. चार फुटांचा पट्टा त्यातून सरळ निघत नाही. शिवाय ते पातळ. पट्ट्यास साडेतीन-चार मिलिमीटर जाडी लागते, पिशवीस दीड-दोन, आणि पैशाच्या पाकिटास एक मिलिमीटर पुरते. तेव्हा पट्ट्याकरिता म्हशीचे किंवा अन्य मोठ्या जनावराचे कातडेच पाहावे. महाराष्ट्रात 2015 पासून गाईप्रमाणेच बैल व वळू ह्यांच्या कत्तलीसही बंदी आहे, म्हशीस नाही. म्हणून जाड कामासाठी म्हशीच्या कातड्याची ओळख करून घेणे विशेष अगत्याचे आहे.

आता कातडे म्हणजे कापडाचे ठाण नव्हे, की पन्हा सर्वत्र सारखा असावा. पाठीचा भाग घट्ट व एकसारखा असतो. पोटाचा सैल असतो व ताणला की वाढतो. मानेवर सुरकुत्या असतात. पायांकडील टोके वेडीवाकडी निघतात. गोचिडांचे डाग व सोलताना लागलेले सुरीचे घाव निराळेच. मोजणी मात्र ह्या सर्वांसह होते, व पैसेही सर्वांचेच द्यावे लागतात. पट्टे व बंद पाठीच्या कण्यास समांतर कापावे, म्हणजे ते वापरात कमी वाढतात. पोटाचा भाग टाकू नये. आतील कप्पे व अस्तर ह्यांस तो चालतो.

एका खांद्यावरील पिशवीचा हिशेब करून पाहू. शिवणीची जागा धरून पुढचा व मागचा भाग प्रत्येकी 12 बाय 10 इंच, झाकण 12 बाय 11, बाजू व तळ मिळून 3 इंच रुंद व 32 इंच लांब पट्टी, खांद्याचा बंद 1 इंच रुंद व 48 लांब, आणि बक्कलांचे किरकोळ तुकडे 24 चौरस इंच. एकूण 540 चौरस इंच, म्हणजे पावणेचार चौरस फूट. आता वायाचा भाग. कातड्याचा चौथा हिस्सा वाया जाईल असे समजा. येथे पुष्कळ जण पावणेचारांचा पाव काढून तो मिळवितात, ती चूक होय. चौथा हिस्सा वाया जातो तो विकत घेतलेल्या कातड्याचा. राहिलेल्या तीन हिश्श्यांत आपले काम बसले पाहिजे. म्हणून पावणेचारांस तीनांनी भागून येणारा सव्वा त्यांत मिळवावा. पाच चौरस फूट होतात. लहान तुकड्यांच्या कामास वाया कमी जाते, मोठ्या तुकड्यांस अधिक. आणि हे सर्व करूनही बंदाची 48 इंच लांबी विसरू नये. कातडे लहान असल्यास बंद दोन तुकड्यांचा करून मध्ये कडी घालावी.

दुकानात कातड्याच्या मागील अंगास क्षेत्रफळ लिहिलेले असते. 18 च्या डोक्यावर लहानसा 3 दिसला, तर ते 183 नव्हे व 18.3 ही नव्हे. तो 3 चौथाईंचा आकडा असतो, म्हणजे पावणेएकोणीस चौरस फूट. तळाचे जाड चामडे मात्र बहुधा वजनावर विकतात. कोल्हापुरी चपलांचे तळ अशाच जाड चामड्याचे असतात. (ह्या चपलांना 2019 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला; महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांचे प्रत्येकी चार जिल्हे त्यात आहेत.) वजनावर घेताना चामडे ओले नाही ना, हे हाताने पाहावे; पाण्याचेही वजन भरते. आणि तेथेही किलोचा भाव ऐकून थांबू नये. आपल्या मापाच्या तळांचा कागद लावून किती जोड निघतात ते मोजावे व भाव जोडीवर पाडावा.

कागदाचा उपयोग केवळ तळापुरता नाही. कामाचे सर्व तुकडे जुन्या वर्तमानपत्रातून मापाबरहुकूम कापून बाजारास जाताना बरोबर न्यावे. दुकानदाराच्या परवानगीने कातडे पसरावे, प्रथम लांब तुकडे कण्याच्या रेषेने मांडावे, मग मोठे, मग उरल्या जागेत लहान. डाग व घाव आले तेथून कागद सरकवावा. दहा मिनिटे जातात. दुकानदार कुरकुर करील, पण बहुधा करू देतो, कारण असे करणारे गिऱ्हाईक माल परत आणीत नाही.

आमच्या त्या कतरणीच्या पुढे किल्ल्यांच्या साखळ्या व काही पाकिटे झाली, आणि ती विकून मुलांचे पैसे पुष्कळ उशिराने सुटले. पट्ट्यांसाठी दुसऱ्या खेपेस गेलो तेव्हा 48 इंचांची कागदी पट्टी माझ्या खिशात होती.