मूल कोणत्या रकान्यात लिहायचे?

मागे एका मंडळीत आमच्या कामाविषयी बोलत असताना एका भगिनीने विचारले, "तुमच्याकडच्या मतिमंद मुलांसाठी विशेष शाळा का काढत नाही?" प्रश्न प्रेमाने विचारला होता. पण उत्तर देताना मला एका मुलाची हकिकत सांगावी लागली. तीच येथे लिहिते.

हा मुलगा धडगाव भागातल्या सातपुड्याच्या एका पाड्यावरचा. वय आठ, दुसरीत शिकणारा. शाळेने (नाव लिहीत नाही) वडिलांना सांगितले, मूल मतिमंद आहे, दाखला काढून आणा. कोरा अर्ज हातात घेऊन ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, हा रोज संध्याकाळी बकऱ्या मोजून कोंडतो. एक कमी भरली तर जेवत नाही. मग वेडा कसा?"

अर्जात 'दिव्यांगत्वाचा प्रकार' असा एक रकाना असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये असे 21 प्रकार आहेत. दृष्टी, श्रवण आणि चालणे यांच्याशी संबंधित प्रकार सर्वांना कळतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता हे वेगवेगळे प्रकार आहेत, हे फार थोड्यांना माहीत असते. सिकलसेलही यादीत आहे, हे मलाही उशिरा कळले. हातपाय धड, पण वेदनेमुळे वारंवार शाळा बुडवणारी कितीतरी मुले आमच्या पाड्यांवर आहेत आणि शिक्षक त्यांना आळशी समजतात. (केवळ वाहक असलेले मूल मात्र यात येत नाही. आजार असावा लागतो.)

रकान्याला एवढे महत्त्व का? मदत त्याच्या मागोमाग येते. बौद्धिक अक्षमता लिहिली की अभ्यास सोपा केला जातो. श्रवणदोष लिहिला की यंत्र मिळते. चुकीचे लिहिले तर मूल वर्षानुवर्षे भलतीच मदत घेत बसते, आणि आईबापांना वाटते, सरकारने दिले तेच बरोबर.

मी आईला विचारले, मागून हाक मारली तर ओ देतो का? ती म्हणाली, "नाही. खडा मारला की वळतो." हे तिला शाळेत कोणी विचारलेच नव्हते. त्यात घरची भाषा पावरी आणि वर्गात मराठी. कमी ऐकू येणारे मूल, तेही परक्या भाषेत. ते गप्प बसणार नाही तर काय करणार? अशा मुलाची बुद्धी मराठी प्रश्नांनी मोजली तर निकाल काय लागेल, हे सांगायला नको.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून आम्ही नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला आईबाप दोघांचीही मजुरी बुडाली. मी एकच विनंती धरून ठेवली: बुद्धीची चाचणी नंतर, आधी कान तपासा. डॉक्टरांनी ती मान्य केली. दोन्ही कानांत श्रवणदोष 60 ते 70 डेसिबलच्या दरम्यान निघाला. कायद्याच्या भाषेत 'ऐकू कमी येणे'. 70 आणि त्यापुढे बहिरेपणा.

40 टक्क्यांचा आकडा पुष्कळांना गोंधळात टाकतो. 40 किंवा अधिक टक्के असल्यास 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो, आणि जवळची शाळा की विशेष शाळा हे निवडता येते. पण टक्के कमी भरले म्हणून शाळेला दिव्यांग मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. तो हक्क टक्क्यांना बांधलेला नाही. "टक्के कमी आहेत, आमच्याकडे जमणार नाही," असे ऐकून परत फिरलेले पालक मी पाहिले आहेत. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा, असे मी आता त्यांना सांगते. आणि सांगताना सोबत जाते, कारण एकटा बाप तिथे दाराशीच उभा राहतो.

त्या भगिनीला मी म्हटले, या मुलाला विशेष शाळेत घातले असते तर बकऱ्या मोजणारा मुलगा पाडा सोडून गेला असता, तेही नसलेल्या दोषासाठी. आता तो त्याच शाळेत पहिल्या बाकावर, यंत्र लावून बसतो. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि यंत्राचे सेल संपले, तेव्हा तो दोन आठवडे पुन्हा गप्प होता. यंदा मृगाच्या आधीच सेलची चार पाकिटे वर पोचवली आहेत.