भांडण मिटते कसे? मिझोरामच्या वीस वर्षांचा अभ्यास



मागच्या तिमाहीत पाड्यावरच्या अभ्यासवर्गात मणिपूरसाठी प्रार्थना झाली. आमेन म्हणून सगळे उठत असताना मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "गुरुजी, दर रविवारी आम्ही हात जोडतोच. पण एवढं मोठं भांडण मिटवायला जातं तरी कोण, आणि तिथं जाऊन करतं काय?" मला लगेच काही सांगता आले नाही. पुढच्या वर्गात सांगतो म्हणालो आणि घरी येऊन वाचायला बसलो.

मणिपूर मे 2023 मध्ये पेटले. ती जखम अजून ओली आहे, तिच्यावर धडा लिहिणे बरे नव्हे. पण तिथून जीव घेऊन निघालेल्या हजारो लोकांना ज्या शेजारच्या राज्याने आसरा दिला, ते मिझोराम स्वतः वीस वर्षे अशाच आगीतून गेले आहे. तिथे समेट झाला आणि तो टिकला. म्हणून आजींच्या प्रश्नाचे उत्तर मी तिथे शोधले.

भांडणाचे मूळ भुकेत होते. त्या डोंगरांत बांबूला साधारण 48 वर्षांनी फुलोरा येतो. त्याचे बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातले भात फस्त करतात. मिझो लोक याला मौताम म्हणतात. 1959 साली तो आला. तेव्हा हा भाग आसाम राज्यातला एक जिल्हा होता. जुन्याजाणत्यांनी आधीच सावध केले होते, पण सरकारला उंदरांची गोष्ट खरी वाटली नाही. लोक उपाशी राहिले. दुष्काळात धान्य पोहोचवायला तरुणांनी जी संघटना काढली, तिचेच 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाले. पुढारी होते लालडेंगा. धान्याची पोती वाहणाऱ्या त्याच पोरांच्या हाती पाच वर्षांत बंदुका आल्या. ही ओळ लिहिताना मी थोडा थांबलो, कारण आपणही पाड्यांवर धान्य वाटतो. वेळेवर मिळालेल्या एका पोत्याने काय काय टळू शकते, याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री फ्रंटने सरकारी ठाण्यांवर हल्ले केले. त्या मोहिमेला त्यांनी नाव दिले होते यरीहो. आपल्याच शास्त्रातले नाव! दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य जाहीर झाले आणि 5 मार्चला भारतीय हवाई दलाने ऐजॉलवर हल्ला केला. पुढच्या वर्षापासून खेडीच्या खेडी उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत नेण्यात आली. बंडखोरांना अन्न मिळू नये, हा हेतू. मागे राहिलेली घरे जाळली गेली. पुण्यात शिकत असताना माझ्याबरोबर एक मिझो विद्यार्थी होता. तो सांगायचा की त्याच्या आईला शेतावर जायलाही पास लागे आणि दिवस मावळायच्या आत फाटकात परतावे लागे. आई त्या गावाचे नाव घेत नाही, नुसते 'तिकडे' म्हणते, असे तो म्हणाला होता.

आता मंडळीने काय केले ते पाहू. तिथे बहुतेक सगळे ख्रिस्ती. बंडखोरही ख्रिस्ती, आणि ज्यांना बंड नको होते तेही ख्रिस्ती. उपासनेला एकाच बाकावर बसणारी माणसे. मंडळीच्या पुढाऱ्यांनी हिंसेला पाठिंबा दिला नाही, आणि आपल्या लोकांकडे पाठही फिरवली नाही. 1966 मध्येच प्रेस्बिटेरियन आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या जबाबदार माणसांनी शांतता समिती केली. रेव्हरंड झायरेमा हे त्यांतले एक प्रमुख. पाळक जंगलात जाऊन बंडखोरांना भेटत आणि परत येऊन सरकारशी बोलत. असा निरोप्या दोन्हीकडे संशयाचा धनी होतो. आणि हे करून लगेच काही मिटले, असेही नाही. मिटायला वीस वर्षे लागली. पण बोलण्याची वाट बुजली नाही, एवढे काम या लोकांनी केले.

मधल्या काळात काय काय फसले ते थोडक्यात सांगतो. 1972 मध्ये जिल्ह्याचा केंद्रशासित प्रदेश झाला, तरी बंड थांबले नाही. 1976 मध्ये लालडेंगांनी दिल्लीशी करार केला, तो मोडला. 1982 मध्ये पुन्हा बोलणी तुटली आणि ते लंडनला गेले. 1984 च्या ऑक्टोबरात ते परतले. 31 तारखेला इंदिरा गांधींशी त्यांची भेट ठरली होती, आणि त्याच सकाळी इंदिराजींची हत्या झाली. कोणीही म्हटले असते, आता संपले. राजीव गांधींच्या सरकारने तोच धागा पुन्हा उचलला.

30 जून 1986 रोजी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. केंद्राच्या वतीने सही करणारे गृहसचिव होते राम प्रधान, आपल्या महाराष्ट्राच्या केडरचे अधिकारी. पूर्वी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना ते त्यांचे खाजगी सचिव होते. 30 जून हा त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मराठी वाचकांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिली.

करारात होते काय? फ्रंटने शस्त्रे खाली ठेवायची आणि भारताची राज्यघटना मानायची. मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळायचा, आणि तो 20 फेब्रुवारी 1987 ला मिळाला. शिवाय घटनेत 371-जी हे कलम आले. मिझो लोकांच्या धार्मिक व सामाजिक चालीरीती, त्यांचा रूढीचा कायदा, जमिनीची मालकी आणि हस्तांतर यांबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. जमीन म्हणजे आदिवासी माणसाला काय, हे या पत्रिकेच्या वाचकांना मी सांगायला नको.

पण माझ्या मते कराराचा खरा खिळा वेगळाच होता. तेव्हा मिझोरामचे मुख्यमंत्री होते काँग्रेसचे लाल थनहवला, निवडून आलेले. बंदूक खाली ठेवून येणाऱ्याला खुर्ची द्यावी म्हणून ते स्वतः उठले. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लाल थनहवला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. वर्गात हे सांगितले तेव्हा एक तरुण पटकन बोलून गेला, "आमचा सरपंच उठेल का असा?" सगळे हसले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

पुढचा भागही तेवढाच मोलाचा. दोनच वर्षांत पक्षातली माणसे फुटली आणि लालडेंगांचे सरकार पडले. 1989 च्या निवडणुकीत काँग्रेस जिंकली. हरलेले लोक जंगलात परत गेले नाहीत. त्यांच्यातलेच एक जुने बंडखोर, झोरामथंगा, 1998 मध्ये मतपेटीतून मुख्यमंत्री झाले.

शेजारच्या नागालँडशी ताडून पाहा. 1975 मध्ये शिलाँगला करार झाला, पण ज्यांचा शब्द जंगलात चालत होता ते पुढारी फिझो त्यात नव्हते. अनेकांना तो आपला वाटला नाही. त्या नाराजीतून 1980 मध्ये नवी सशस्त्र संघटना उभी राहिली. तिथेही मंडळ्यांनी जिवापाड खटपट केली होती, म्हणून दोष त्यांना देऊ नये.

मिझोरामची गोष्ट सांगताना एक बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही. त्या राज्यात ब्रू नावाचे लहान आदिवासी लोक राहतात. 1997 मध्ये तणाव पेटून त्यांची हजारो माणसे त्रिपुरात पळाली आणि दोन दशकांहून अधिक काळ छावण्यांत राहिली. जानेवारी 2020 च्या करारानुसार त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. ज्यांनी स्वतः घरे जळताना पाहिली होती, त्यांच्याच राज्यात हे घडले.

आता माझे स्वतःचे. आमच्या भागात दोन भावकींचा बांधावरून वाद आहे. दोन्ही घरे आपल्याच मंडळीतली. गेल्या वर्षी मी मध्यस्थीला गेलो. पहिल्या घरी बसलो, चहा घेतला, अर्धा-पाऊण तास ऐकून घेतले. दुसऱ्या घरी उशीर झाला म्हणून अंगणात उभ्यानेच बोललो आणि तिकडचा निरोप सांगून निघालो. त्या घरचा थोरला शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुम्ही निरोप आणला. आमचा नेणार नाही का?" मला राग आला होता, कारण उन्हातून चार मैल चाललो होतो. झायरेमांबद्दल वाचताना ते वाक्य पुन्हा कानात वाजले. मत्तयाच्या 18 व्या अध्यायातल्या पायऱ्या मी कितीदा शिकवल्या आहेत: आधी एकट्याने जा, मग दोघे-तिघे, मग मंडळी. पण तिथे जाऊन बसायचे किती वेळ, हे मी कधी शिकवले नव्हते.

बांध अजून तसाच आहे. भात झोडून झाले की मी पुन्हा जाणार आहे, या वेळी दुसऱ्या घरापासून सुरुवात. आजी म्हणाल्या, त्या बरोबर येतील.

पुढच्या वर्गासाठी उत्पत्तीचा 33 वा अध्याय वाचून या. याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले इथेच थांबू नका, 17 व्या वचनापर्यंत वाचा. त्यानंतर कोण कुठे राहायला गेला ते वहीत लिहा, म्हणजे त्यावर बोलता येईल.