भीती वाटत असतानाही बोलणे

शास्त्रभाग : नहेम्या १:१ ते २:८

कामाच्या ठिकाणी एखादी चूक दिसते, ती सांगितली पाहिजे हेही कळते. परंतु वरिष्ठांसमोर उभे राहताच शब्द ओठांवर थिजतात. महाराष्ट्रातून प्रशिक्षणासाठी वा नोकरीसाठी म्हैसूरला येणाऱ्या तरुणांना परक्या भाषेमुळे हा संकोच अधिकच जाणवतो. धैर्य ही जन्मजात देणगी असून ती आपल्याला लाभली नाही, अशी अनेकांची समजूत असते. नहेम्याच्या उदाहरणाने ती दूर होते.

१. तो घाबरला होता. नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार, म्हणजे चाकरच. राजाने उदासीचे कारण विचारताच तो भ्याला. मूळ इब्री भाषेत या क्रियापदाला ‘पुष्कळ’ आणि ‘अतिशय’ असे दोन शब्द जोडलेले आहेत. तरीही तो बोलला.

२. त्याची तयारी होती. यरुशलेमेची दुर्दशा त्याला किसलेव महिन्यात कळली; राजापाशी तो नीसान महिन्यात बोलला. मधले सुमारे चार महिने त्याने प्रार्थनेत व विचारात घालविले असावेत. कारण किती मुदत हवी, कोणाच्या नावे पत्रे हवीत, लाकूड कशासाठी हवे, हे सारे त्याला नेमके सांगता आले.

म्हैसूरच्या इतिहासातही असे उदाहरण आहे. पुण्यात शिकलेले व १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काम केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना म्हैसूर संस्थानाने मुख्य अभियंत्याचे पद देऊ केले. तंत्रशिक्षण व उद्योगधंदे यांना संस्थान वाव देईल काय, हे त्यांनी आधी विचारले. समाधान झाल्यावरच १९०९ मध्ये ते पद स्वीकारले. योग्य वेळी विचारलेला प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे.

३. त्याने आदर सोडला नाही. प्रथम राजाचे शुभ चिंतिले, मग दुःख सांगितले, शेवटी विनंती केली. कोणावर दोषारोप केला नाही.

आपणही बोलण्यापूर्वी तीन ओळी लिहून काढाव्यात : काय घडले, त्यामुळे कोणाचे नुकसान होते, आणि आपली विनंती काय. आपले म्हणणे प्रत्येक वेळी मान्य होईलच असे नाही. परंतु नहेम्या गप्प राहिला असता तर त्याची नोकरी सुरक्षित राहिली असती, आणि यरुशलेमेचा तट मात्र पडलेलाच राहिला असता.

चिंतनासाठी : माझ्या मौनाची किंमत आज कोण मोजत आहे?