पुळणीवरचे काळे कण

गणपतीपुळ्याच्या बाजूला गेलात तर एक लोहचुंबक बरोबर न्या. तेथून रत्नागिरीकडे येताना काळबादेवी, मिऱ्या या भागांत पुळणीवर काळी वाळू आढळते. बेसॉल्ट खडकाची झीज होऊन सुटलेले जड कण ओढ्यानद्यांनी समुद्रात आणले. लाटांनी हलकी वाळू वाहून नेली व हे कण मागे राहिले. त्यांत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही खनिजे असतात. दोहोंतही लोखंड व ऑक्सिजन आहेत. इल्मेनाइटमध्ये टायटॅनियमही आहे.

चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या काळ्या वाळूवरून फिरवा. मॅग्नेटाइटचे कण पटकन चिकटतील, इल्मेनाइटचे बहुतेक मागे राहतील. लोखंड दोन्हींत असताना हा भेद का?

लोखंडाच्या अणूत पाच खोल्या आहेत अशी कल्पना करा. एका खोलीत फार तर दोन इलेक्ट्रॉन मावतात, तेही विरुद्ध दिशांना तोंड करून. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकला चुंबकच. मॅग्नेटाइटमधील काही अणूंत असे पाच, तर काहींत सहा इलेक्ट्रॉन असतात. पाच असले की खोलीत एकेक, आणि साऱ्यांची तोंडे एकीकडे. सहाव्याला मात्र उलट तोंड करूनच शिरावे लागते.

पहिले पाच घरबशे, सहावा फिरस्ता. शेजारच्या अणूत पाचच असले, तर तो तिकडे उडी घेतो. पण तिकडच्या पाचांची दिशा इकडच्या पाचांसारखीच हवी. ती उलट असेल, तर त्याच्या दिशेची जागा प्रत्येक खोलीत आधीच भरलेली! म्हणून फिरस्त्याची ये-जा शेजाऱ्यांना एका दिशेस राहण्यास मदत करते. मॅग्नेटाइटमधील लोखंडाचे एक-तृतीयांश अणू उलट दिशेस असतात. पण उरलेल्यांचे पारडे जड ठरते व कण चुंबकाला चिकटतो. शून्याखाली सुमारे 150 अंश सेल्सियसला या उड्या एकाएकी मंदावतात आणि विद्युत्‌वहन सुमारे शंभरपट घटते. डच शास्त्रज्ञ फेरवे यांनी 1939 मध्ये हे दाखवले.

इल्मेनाइट थराथरांचे असते : एक थर लोखंडाचा, एक टायटॅनियमचा, मधे ऑक्सिजन. येथे लोखंडाच्या प्रत्येक अणूत सहाच इलेक्ट्रॉन. एकाने उडी मारली तर तिकडे सात, इकडे पाच. त्याला फार ऊर्जा लागते. म्हणून सारे जागच्या जागी. शून्याखाली सुमारे 215 अंशांच्याही खाली नेल्यावर एका लोखंडी थरातील चिमुकले चुंबक एका दिशेस, तर पुढच्या लोखंडी थरातील उलट दिशेस वळतात. त्याहून अधिक तापमानाला उष्णता त्यांच्या दिशा विसकटून टाकते. मग आपला साधा चुंबक त्यांना कसा उचलणार?

थर आणि फिरस्ते इलेक्ट्रॉन एकत्र आणले तर? 1988 मध्ये फेर्त व ग्र्युनबेर्ग यांच्या गटांनी लोखंड व क्रोमियमचे अतिपातळ थर रचून पाहिले. लोखंडी थरांच्या दिशा जुळल्या की वीज सहज वाहते. उलट असल्या की अडते. या शोधावर हार्ड डिस्कमधील माहिती वाचणारी साधने तयार झाली आणि 2007 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

प्रयोग संपला की वाळू पुळणीवरच परत टाका. लाटांनी ती फार सावकाश निवडली आहे.