काडुगोडीचे अंत्यस्थानक आणि मधले दोन किलोमीटर

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड ही मूळची शेतकरी वसाहत. म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेस येथील जमीन दिली आणि संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांचे नाव वसाहतीस मिळाले. पुढे १९९० नंतरच्या दशकात सिंगापूरच्या सहकार्याने येथे माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले व संगणक-व्यवसायाची रीघ लागली. नोकऱ्या वाढल्या त्या वेगाने रस्ते रुंदावणे शक्य नव्हते. वाहतुकीच्या कोंडीसाठी व्हाइटफील्डचे नाव देशभर झाले ते यामुळेच.

बंगळूरची पहिली मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता या टप्प्यावर धावू लागली. त्याच जांभळ्या मार्गाच्या पूर्व विस्तारातील कृष्णराजपुरा ते व्हाइटफील्ड (काडुगोडी) हा १३.७१ किलोमीटरचा, १२ स्थानकांचा टप्पा २५ मार्च २०२३ रोजी खुला झाला. हा टप्पा उन्नत आहे. भुयारापेक्षा खांबांवरील मार्गास खर्च पुष्कळच कमी येतो आणि काम पुरे झाल्यावर खालचा रस्ता वाहनांस मोकळा होतो. मात्र बांधकामाच्या वर्षांत त्याच रस्त्यावरील रहिवाशांना त्याची किंमत मोजावी लागते.

परंतु अंत्यस्थानक तयार झाले म्हणजे मार्ग तयार झाला असे नव्हे. बैयप्पनहळ्ळी व कृष्णराजपुरा यांमधील सुमारे दोन किलोमीटरचा दुवा अपुरा होता. बेन्निगनहळ्ळी येथे धावत्या रेल्वेमार्गावरून पोलादी पूल न्यावयाचा असल्याने ते काम रेंगाळले. तोवर प्रवाशाने शहरातून मेट्रोने बैयप्पनहळ्ळीस यावे, तेथून जोडबसने कृष्णराजपुरा गाठावे आणि पुन्हा जिना चढून मेट्रो धरावी, असा क्रम होता. दोनदा वाहन बदलण्यापेक्षा दुचाकी बरी, असे एखाद्या नोकरदारास वाटले तर त्यास दोष कसा द्यावा? ९ ऑक्टोबर २०२३ रोजी हा दुवा जोडला गेला आणि त्याच दिवशी पश्चिमेकडे चल्लघट्ट्यापर्यंतचा भागही सुरू झाला. ३७ स्थानकांचा, ४३ किलोमीटरहून अधिक लांबीचा मार्ग त्या दिवशी अखंड झाला.

अंत्यस्थानकाचे काम इतर स्थानकांहून वेगळे असते. येथे गाडी वळून जात नाही. चालक एका टोकाच्या कक्षातून दुसऱ्या टोकास जातो आणि सांध्यावरून गाडी परतीच्या रुळावर घेतली जाते. यास किती वेळ लागतो, त्यावर संपूर्ण मार्गावरील दोन गाड्यांमधील अंतर अवलंबून राहते. गाड्यांच्या देखभालीचे आगारही काडुगोडीसच आहे. शिवाय उपनगरात नोकऱ्या असल्या म्हणजे सकाळी शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांनाही प्रवासी मिळतात. केवळ निवासी उपनगरांच्या मार्गावर त्या बहुधा रिकाम्या धावतात.

नकाशा पाहता आणखी एक गोष्ट ध्यानी येते. तंत्रज्ञान उद्यान अंत्यस्थानकाशी नाही. ते तीन स्थानके अलीकडे, पट्टंदूर अग्रहार येथे आहे. काडुगोडीस जवळ आहे ते व्हाइटफील्डचे रेल्वेस्थानक. म्हणजे कचेरीत जाणारा आधीच उतरतो आणि चेन्नईच्या लोहमार्गावरून येणाऱ्यास मेट्रो लगतच मिळते.

पुण्यात शिवाजीनगर ते हिंजवडी या सुमारे २३ किलोमीटरच्या उन्नत मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. त्याचेही एक टोक तंत्रज्ञान-नगरीत आहे. तेथील संकुले एकमेकांपासून दूरदूर पसरलेली असल्याने स्थानकाच्या जिन्यापासून कचेरीच्या फाटकापर्यंत पदपथ आणि जोडबस यांची सोय कशी होते, हे येथेही तितकेच निर्णायक आहे.