माकुलाचं लोणचं बाहेर टिकतं का?

प्रश्न : माकुलाचं लोणचं घालायचं आहे. मीठ भरपूर आणि वर तेल असलं, की ते कैरीच्या लोणच्यासारखं वर्षभर बाहेर टिकेल ना?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. कैरी मुळात आंबट. माकुलात तो आंबटपणा नसतो. तेलाने हवा अडते, पण हवेविना वाढणारे विषारी जंतू थांबत नाहीत. तरी लोणचं जरूर घाला. शाईची पिशवी आणि आतली पारदर्शक काडी काढा, चकत्या पाणी आटेपर्यंत परतून तळा. मसाला पाण्याऐवजी व्हिनेगरमध्ये वाटा. गार होताच कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, 2 आठवड्यांत संपवा. बाहेर राहिलेलं मात्र वास चांगला असला तरी खाऊ नका. जास्त माकुल मिळाले, तर साफ करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसं ताजं लोणचं घाला.