जुन्या खोगिराची निगा

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निबंधातील पाल्हाळाला सर्रास लावतो. पण ज्यावरून तो आला, ते खोगीर आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? मंगळवार पेठेतील आमच्या गल्लीत एका घराच्या माळ्यावर असे एक जुने कातडी खोगीर आहे. दर दसऱ्याला ते खाली काढतात, भरपूर तेल चोपडतात व पुन्हा वर ठेवतात. श्रद्धेने होणारी ही सेवाच त्याच्या मुळावर येत आहे, असे माझे मत आहे.

कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात, हे आपण जाणतोच. त्यांतील टॅनिन कातड्याचे तंतू बांधून ठेवते, म्हणून ते कुजत नाही. मात्र हवेतील गंधकाचे वायू शोषले गेले की कातड्यात आम्ल तयार होते, तंतू तुटतात आणि तांबडी भुकटी पडू लागते. बाभळीने कमावलेले कातडे या रोगाला अधिक बळी पडते. हिरड्याचे त्या मानाने तग धरते. तेलाने हा रोग बरा होत नाही. उलट कातडे काळवंडते.

रोज घोड्यावर चढणाऱ्या खोगिराला तेल हवेच, कारण घाम, ऊन व पाऊस यांनी आतील स्निग्धता निघून जाते. विसाव्याला गेलेल्या खोगिराची गरज वेगळी. जादा तेल धूळ धरून ठेवते, कालांतराने चिकट होते, आणि पितळी बकलांवर हिरवा मेणचट थर जमतो.

मग करावे काय? मऊ, कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी. हिरवा थर लाकडी काडीने हळूच काढावा. खोगीर खुंटीला न टांगता घोड्याच्या पाठीसारख्या गोलाकार लाकडी घोडीवर ठेवावे. रिकिबींच्या वजनाने पट्टे ताणतात, म्हणून त्या काढून ठेवाव्यात. वरून धुतलेले सुती कापड घालावे. प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचे भय. म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात ते हवेशीर खोलीत असावे. बुरशी आलीच तर सावलीत सुकवून घराबाहेर झाडावी. उन्हात कातडे आकसते व तडकते. पत्र्याखालचा तापणारा माळाही म्हणूनच वाईट.

स्वाराच्या मांडीने झिजलेली जागा, घामाचे डाग, हाताने घातलेले टाके हीच जुन्या खोगिराची बखर होय. ती वाचता येण्याजोगी ठेवणे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे. ज्यांच्या घरी असे खोगीर असेल, त्यांनी येत्या दसऱ्याला तेलाची बाटली बाजूला ठेवून ब्रश हाती घ्यावा, एवढीच विनंती.